जुन्या धातूवर ते बसत नाही

प्रिय धाकटे,

तुझं चार पानी पत्र मिळालं. साडेतीन पानं तुझ्या गिऱ्हाइकाच्या बोटीच्या सामानाबद्दल, आणि शेवटी खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, बाबांना भेटायला येऊ का, त्यांची एकदा माफी मागायची आहे, बारा वर्षं ते ओझं वागवते आहे, वगैरे. तुझी ही सवय जुनीच. मुद्द्याचं बोलायचं असलं की आधी सगळीकडे फिरून यायचं. मी आपली सरळ सांगते. येऊ का, याचं उत्तर मी शेवटी देणार आहे, कारण ते देणं माझ्या हातात आहे आणि असं माझ्या हातात फारसं कधी काही नव्हतं. तोवर तुझ्या बोटीचं बघू.

आधी बाबांची खबर देते, नाहीतर म्हणशील ताई मुद्दाम ताणते. उजवी बाजू गेली ती गेलीच. डावा हात चालतो, पण त्याचा उपयोग ते फक्त मी पुढे केलेला चमचा ढकलायला करतात. अंघोळ मी घालते, दाढी मी करते, नखं मी काढते. शब्द बरेचसे गेले, चार-पाच उरलेत. डोकं मात्र शाबूत आहे; डॉक्टरबाई म्हणाल्या, ऐकलेलं सगळं कळतं त्यांना, जपून बोलत जा. खाट कारखान्यामागच्या खोलीत हलवली आहे, मशीनचा आवाज येत राहिला की ते शांत पडून असतात. बफवर, त्या पॉलिशच्या चाकावर, अजून आपले जुने कारागीर मिशीवालेच बसतात. मिशा पांढऱ्या झाल्यात, पण पॉलिशच्या भुकटीने संध्याकाळपर्यंत पुन्हा काळ्या होतात, त्यामुळे ते खूश असतात. तुझी आठवण काढतात. सगळेच काढतात. जो इथे नाही त्याची आठवण काढायला काय लागतं?

तर तुझी बोट. कठडा, शिडी, दोर बांधायच्या खुंट्या, खिडक्यांच्या चौकटी, सगळं जुनं ॲल्युमिनियम, आणि मालकाला ते आरशासारखं हवं, कायमचं हवं, शिवाय स्वतःला फडकं हातात धरायला नको. नुसतं पॉलिश करून मेण लावलं तर महिना-दीड महिन्यात खारं पाणी ते मेण खातं आणि धातू मळका दिसायला लागतो, असं तू लिहितेस. बरोबर आहे. क्लिअर कोट, म्हणजे वरून पारदर्शक वार्निश, मारला तर पहिलं वर्षभर लोक थांबून बघतील, मग कुठेतरी दोर घासेल, एक ओरखडा पडेल, तिथून खार आत शिरेल आणि कोटाच्या खाली पांढऱ्या रेघा अळीसारख्या पुढे पुढे सरकत जातील. मग वरून घासून काही होत नाही, सगळं खरवडून पहिल्यापासून. तेही बरोबर. पावडर कोटिंग टिकेल, पण ती चकाकी नव्हे, ते स्वयंपाकघरातलं कपाट. हे वाक्य वाचून मला हसू आलं, कारण ते तुझं नाहीच, बाबांचं आहे. बारा वर्षं त्यांनी तुझं तोंड पाहिलं नाही आणि तू अजून त्यांच्याच तोंडाने बोलतेस.

आणि मग तू लिहिलंस की खरं तर ॲनोडायझिंग करून घेतलं असतं, पण बाबा म्हणाले होते ना, जुन्या धातूवर ते बसत नाही, म्हणून मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला ते करून दिलेलं नाही. हे वाचल्यावर मी पत्र खाली ठेवलं आणि चहा केला. एकाही गिऱ्हाइकाला नाही. बारा वर्षं. तुझ्या धंद्यातली बाकीची माणसं सर्रास करून देतात आणि तू आपली मान हलवून नाही म्हणतेस. हट्टी तू पहिल्यापासून होतीस, पण इतकी आज्ञाधारक असशील असं वाटलं नव्हतं.

तुला आठवतो ना फेरीबोटीचा तो जुना ॲल्युमिनियमचा कठडा. बाबांना तोवर मिळालेलं सगळ्यात मोठं काम. मी म्हणत होते क्लिअर कोट मारू, झटपट होईल. तू कॉलेजातून येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि तू आम्हाला टेबलावर कागद पसरून शिकवत होतीस: धातू आम्लाच्या टाकीत बुडवायचा, वीज सोडायची, त्याच्याच अंगावर कडक कातडी चढते, आरसा किंचित मंद होतो पण खार, दोर, बूट, कशालाच ती दाद देत नाही. छान समजावलं होतंस, खोटं कशाला बोलू. बाबांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, धाकटीला कळतं यातलं, तिच्या मनासारखं करा. पुढे हा कारखाना तीच बघणार आहे. मी तेव्हा आठ वर्षं बफवर काढली होती. नाक शिंकरलं तर रुमाल काळा व्हायचा, आणि लग्नासाठी मला पाहायला येणारी माणसं आधी माझी नखं बघायची. तुझी नखं स्वच्छ होती. तेव्हापासून मी तुला पाण्यात पाहत आले, आणि तुला ते कधी कळलंही नाही, कारण तू माझ्याकडे इतकं बारकाईने कधी बघितलंच नाहीस.

सामान ॲनोडाइज होऊन आलं तेव्हा सुरेख झालं होतं, हे आज लिहून देते. कठड्याची एकेक नळी तू स्वतः तपासून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीस आणि दुपारी धक्क्यावर भोकांची मापं घ्यायला गेलीस. बाबा जेवून जरा आडवे झाले होते. मिशीवाले जेवायला गेले होते. कच्च्या नळ्यांचं ग्रीस काढायचा आपला कॉस्टिक सोड्याचा टब भरलेलाच होता. तूच बजावून ठेवलं होतंस की ताई, ॲनोडाइज केलेलं सामान चुकूनही या टबाजवळ नेऊ नकोस, कॉस्टिक ती कातडी खाऊन टाकतं. इतकं नीट बजावलं नसतंस तर मला सुचलंही नसतं. मी कागद सोडले, स्पंज टबात बुडवला आणि प्रत्येक नळीवरून फिरवला. एक चहा होईल इतका वेळ थांबले, धुतलं, पुसलं, त्याच कागदात परत गुंडाळलं. घाई नव्हती. 

सकाळी बोटवाल्यासमोर तू मोठ्या हौसेने कागद उलगडलेस आणि आत सगळे पांढरे फराटे. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू टबाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. तोंड उघडणार एवढ्यात बाबा बोलले. जुन्या धातूवर ते बसत नाही, मला ठाऊक होतं, पोरीच्या हट्टापुढे नमलो, चूक झाली. झालं. धातूच्या बाबतीत बाबा बोलले की विषय संपला. तू मान खाली घातलीस, सगळ्यांदेखत माफी मागितलीस, आणि ते म्हणाले, उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकू नकोस. आठ दिवसांत तू मावशीकडे निघून गेलीस. कठड्यावर मी क्लिअर कोट मारून दिला. वर्षाने त्याच्या खाली अळ्या सरकल्या, पण तोवर तुझं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती.

एवढंच असतं तर तू मला शिव्या घातल्या असत्यास आणि पहिल्या गाडीने बाबांकडे धावली असतीस, ते बिचारे फसले म्हणून. तसं नाही. आदल्या संध्याकाळीच, म्हणजे कागद उलगडायच्या आधी, त्यांनी माझी बोटं बघितली होती. कॉस्टिकने लाल झाली होती, टोकांची कातडी सुटत होती. चाळीस वर्षं त्या टबाशी काम केलेला माणूस, त्यांना काय कळायला वेळ लागतो? त्यांनी गुंडाळलेल्या नळ्यांकडे एकदा पाहिलं, मलम आणलं, स्वतः माझ्या बोटांना लावलं, फडकं बांधलं आणि म्हणाले, असलं काम करताना हातमोजे घालत जा. बस, एवढंच. तो नियम त्यांनी रातोरात तयार केला, तुझ्यासाठी, आणि सकाळी तुझ्या तोंडावर सांगितला. जुन्या धातूवर ते उत्तम बसतं, धाकटे. बिनधास्त करून दे तुझ्या गिऱ्हाइकाला. का केलं त्यांनी असं, हे मी कधी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. तू कधीतरी उडून जाणार होतीस आणि मी जाणार नव्हते, आणि त्यांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. त्यांनी तुझ्यात आणि माझ्यात निवड केली, आणि मला वाटलं, निदान एकदा तरी माझी झाली. पण गेल्या महिन्यापासून, उरलेल्या चार-पाच शब्दांतला एक शब्द ते दिवसभर म्हणत असतात. धाकटे. मी भरवते आणि ते मला म्हणतात धाकटे. मी पुसते, मी उचलते, धाकटे. बारा वर्षांत माझं काही उरलंच नव्हतं, फक्त त्यांनी मला निवडलं एवढं होतं, तेही त्यांनी परत घेतलं. म्हणून हे सगळं तुला लिहिलं. तुझ्या मनात बाबा ज्या जागी बसलेत, तिथे मला ते राहू द्यायचे नाहीत. इथवर लिहिलेलं हे पत्र मी आत्ताच त्यांच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून, सावकाश. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या, मी टिपलं. तर तू येऊ का विचारलंस. ये की. कधीही ये. त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. तू दारात उभी राहशील तेव्हा त्यांचं तोंड दाराकडेच असेल, तेवढं मी बघेन.

तुझीच,
ताई