तीन डबे आणि माझा तो चेहरा

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नुसता कागदावरचा नाही. काच कापायच्या खोलीतली जमीन पुसून घेतली, तुकडे नाहीत ना ते पाहिलं आणि खरोखर आडवा झालो. उठताना पाठीत चमक भरली. तुझी सून साक्षीला आहे, कारण नवऱ्याला उठवायला तिलाच यावं लागलं.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू बांधतेस, की कपाटात ठेवून पट्ट्यालाच आराम देतेस? कानातल्या यंत्राची बॅटरी बदललीस का? नसशील बदललीस, तर निदान एवढं समाधान आहे, की तू माझ्याबद्दल जे काही बोलत असशील ते तुझं तुलाही ऐकू येत नसेल. इकडे सगळे मजेत. म्हणजे सून मजेत, लेक मजेत, दुकानातले आरसे मजेत. मी मजेत नाही, आणि त्याला कारण तू आहेस. पण वडीलधाऱ्यांना दोष देऊ नये, म्हणून तो मी वायफायला देतो.

आज अठरा दिवस झाले, आत्या, तू आमच्यापैकी कोणाचाच फोन उचलत नाहीस. रोज सकाळी आठ वाजता तुझा मेसेज येतो, ‘मी बरी आहे. काळजी नसावी.’ तू आयुष्यात कधी आमच्याशी इतकं सभ्य बोललेली नाहीस, त्यामुळे तो मेसेज आला की घरात सगळ्यांना काळजी लागते. म्हणून शेवटी हे पत्र. पत्राचं बरं असतं, ते मध्येच तुटत नाही आणि त्यात माझा चेहरा दिसत नाही.

आता त्या रविवारचं सांगतो. तू म्हणालीस, की तीन जिने चढणं आता होत नाही, खालच्या मजल्यावर जागा मिळत नाही, तेव्हा तुमच्याकडे येऊन मागच्या खोलीत राहीन म्हणते, चालेल ना? आणि नेमक्या त्याच घडीला आमच्या नेटने मान टाकली. चित्र गोठलं. तुला पडद्यावर जे दिसलं तो माझा चेहरा होता, हे मी नाकारत नाही. पण ते माझं उत्तर नव्हतं. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, ओठ डावीकडे घसरलेले. लेकीने नंतर तो चेहरा मला करून दाखवला, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. असल्या माणसाकडे मी स्वतः चहालासुद्धा गेलो नसतो. तू बराच वेळ बघत राहिलीस, मग ‘कळलं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. आत्या, तुला काहीही कळलेलं नाही. ते तुला नीट कळावं म्हणून मी वायफायच्या मुळाशी गेलो, आणि तिथून अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

आपलं घर तुला मी काय सांगणार, तू इथेच जन्मलीस. पण गेल्या पंधरवड्यात मी ते इतक्या लोकांना समजावलंय की आता झोपेतही सांगतो. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे काच कापायची खोली, मग स्वयंपाकघर, मग जिना आणि बोळ, आणि सगळ्यात शेवटी मागची खोली. नेटचा डबा दुकानात. कापायच्या खोलीपर्यंत नेट धावत येतं, स्वयंपाकघरात चालत येतं, आणि बोळात शिरलं की दम लागून बसतं. लेक अभ्यासाचे व्हिडिओ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून, डावा हात कठड्याबाहेर काढून बघते (हात आत घेतला की मास्तर थांबतात). सून गिऱ्हाइकांनी पाठवलेली मापं ओट्याशेजारी स्टुलावर उभी राहून बघते. यावर मी एक इलाज केला होता. काचा वाहून न्यायची आपली चाकांची गाडी आहे ना, तिच्यावर डबा बसवला, लांबलचक वायर जोडली, आणि ज्याला नेट हवं त्याने हाक मारावी असं ठरवलं. दोन दिवस मी तो डबा घरभर हिंडवत होतो. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक त्या वायरीत अडकून आठ बाय चारच्या आरशावर जाणार होतं, ते सुनेने कॉलर धरून वाचवलं. त्यानंतर तो इलाज बंद झाला, आणि लेकीने जाहीर केलं की या घराला मेश वायफाय लागतं.

मेश म्हणजे जाळं. एका डब्याने भागत नाही तिथे दोन-तीन डबे ठेवायचे, आणि ते एकमेकांकडून नेट पुढे पोचवतात. निवडायला आम्ही तिघंही गेलो. दुकानातला विक्रेता इतका गोड बोलत होता की मी पहिल्यांदा खिसा चाचपला. त्याने घर केवढं ते विचारलं. मी इंच-सुतापर्यंत मापं सांगितली, तर तो म्हणाला, अंदाजे सांगा. आत्या, अंदाजे! आपल्या आजवरच्या धंद्यात कोणी हा शब्द उच्चारला असता तर आजोबांनी त्याला काच कापायचा हिरा दाखवून बाहेर काढलं असतं. मग त्याने एक डबा दाखवला तो लहरींच्या दोन पट्ट्यांचा, दुसरा तीन पट्ट्यांचा, तिसऱ्याला आठ शिंगं. मी प्रत्येक डबा उलटा करून मागची बाजू बघितली (सवय, आरशाचा खरेपणा मागूनच कळतो), आणि त्यावरून त्याला वाटलं मी कोणी इंजिनिअर आहे. त्यानंतर तो जे बोलला त्यातलं मला अवाक्षर कळलं नाही, पण मी मान हलवत राहिलो. एवढंच लक्षात राहिलं, की हे डबे सतत एकमेकांशी बोलतात आणि एक रुसला तर बाकीचे त्याचं काम वाटून घेतात. सून म्हणाली, मग हेच घ्या, घरात कोणीतरी तसं वागू दे.

प्रश्न राहिला, दोन डब्यांचा संच की तीन. विक्रेत्याने घराचा नकाशा काढला आणि म्हणाला, राहता भाग स्वयंपाकघराशी संपत असेल तर दोन पुष्कळ झाले, मागच्या खोलीत कोण असतं? यावर सून माझ्याकडे बघायला लागली. लेक माझ्याकडे बघायला लागली. विक्रेत्याला काही माहीत नव्हतं, पण तोही बघायला लागला. मी छातीठोकपणे म्हणालो, तीन. हे तू लक्षात ठेव.

घरी आल्यावर डबे ठेवायचे कुठे यावर वाद झाला. डबे पांढरे, गुळगुळीत आणि दिसायला अगदी निर्बुद्ध. आता आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. भिंतीला ओल आली, लाव आरसा. विजेचा मीटर दिसतो, लाव आरसा. आजोबांच्या वेळेपासून या घरात जे जे कुरूप आहे त्यावर एक आरसा आहे. परवा मोजले तर दुकान सोडून एकतीस निघाले. तेव्हा मी तीन आरसे घेतले, त्यांना चार इंच खोलीच्या खास चौकटी बनवल्या, प्रत्येकीच्या पोटात एक डबा बसवला आणि ते आरसे भिंतीवर टांगले. काम इतकं सफाईदार झालं की मी स्वतः एका आरशापुढे उभा राहून बराच वेळ डबा शोधत होतो. आणि नेट? होतं तेही गेलं. आता तर लेकीचे मास्तर तिसऱ्या पायरीवरही येईनात.

कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, डब्यापुढे भिंत, कपाट असा काही अडथळा आहे का? मी म्हटलं, छे हो, फक्त आरसा. त्यांनी पत्ता लिहून घेतला आणि म्हणाल्या, माणूस पाठवते. माणूस आला. त्याने आधी बोळातल्या आरशात भांग नीट केला, मग विचारलं डबे कुठे आहेत. मी म्हटलं, शोधा! आत्या, पंधरा मिनिटं तो घरभर फिरला, पलंगाखालीसुद्धा वाकून आला, पण त्याला एकही डबा सापडला नाही. मला इतका आनंद झाला, की सुनेने डोळे वटारले नसते तर मी त्याला अजून फिरवला असता. शेवटी मी आरसे उतरवून दाखवले, तर तो जमिनीवर बसून हसायला लागला. म्हणाला, आरशाच्या पाठीवर धातूचा थर असतो, नेटच्या लहरी त्यावर आपटून परत जातात. तुमचे डबे अठरा तास भिंतीशी बोलताहेत. आलेलं परत पाठवायचं या एकाच गुणावर आपलं घर तीन पिढ्या जेवलं, आणि ते ऐकायला मला बाहेरचा माणूस लागला. मी त्याला चहा दिला आणि हे कोणाला सांगू नका म्हटलं. त्याने संध्याकाळपर्यंत निम्म्या बाजाराला सांगितलं होतं.

आता आरसे काढलेत, चौकटी तशाच आहेत. तीन डबे तीन उत्तम सागवानी चौकटींत, कोणा थोर माणसांच्या तसबिरी असाव्यात तसे भिंतीवर बसलेत. दुकानात आलेल्या एका बाईंनी पहिला डबा विकायचा आहे का म्हणून विचारलं. पण नेट, आत्या, असं आहे की बोळात उभं राहून बोललं तरी चित्र हलत नाही. तेव्हा झाला तो प्रकार सर्वस्वी यंत्राचा होता, माझा त्यात काडीचा दोष नाही, हे तुला आता पटलं असेल. राग सोड. गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
ठोंब्या

ता. क. १ : सुनेने पत्र वाचलं. ती विचारते, नेट गेलं होतं तर आत्यांचं ‘कळलं’ तुम्हाला कसं ऐकू आलं? शिवाय ती म्हणते, की ती माझ्या मागेच उभी होती आणि तू चष्मा काढून पुसलास, परत घातलास, पुढे वाकून बघितलंस, हे सगळं तिला पडद्यावर नीट दिसत होतं. मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. ती म्हणाली, मग मीच आत्यांना पत्र लिहू का?

ता. क. २ : बरं. आत्या, त्या दिवशी नेट उत्तम होतं. अडकलो होतो तो मी. तुला माहीत नसेल, पण मागच्या खोलीत मी दुपारी दोन ते चार झोपतो. तिथे फोन लागत नाही, गिऱ्हाईक पोचत नाही, सगळ्या घरात मी कोणाला सापडत नाही अशी ती एकच जागा. तू विचारलंस आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझ्या आधी माझी गादी आली. मी ती कुठे टाकायची याचा विचार करत होतो, आणि तोंड बंद करायचं राहिलं. आई गेली तेव्हा दोन वर्षं तू मला तुझ्या एका खोलीत, तुझ्याच पलंगावर झोपवलंस आणि स्वतः खाली झोपलीस, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. फार लाज वाटली. अजून वाटते. आणि त्या डब्यांच्या दुकानात मी छातीठोकपणे ‘दोन’ म्हणालो होतो. दोनच घेऊन घरी आलो. त्या दुपारी मागच्या खोलीत आडवा झालो, पण डोळा लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांचं दुकान उघडायच्या आधी जाऊन शटरसमोर उभा राहिलो आणि तिसरा डबा आणला. तो तुझ्या पलंगाच्या वर लावलाय. गादी कापायच्या खोलीत मावते. मापून बघितली, दोन सूत जागा उरते.

ता. क. ३ : येत्या रविवारी सकाळी अकराला फोन करीन. तेवढा उचल. मी साडेदहापासूनच हसत बसतो, म्हणजे गोठलो तरी हसराच गोठेन. सराव चालू आहे. एकतीसपैकी चार आरशांत बरा दिसतो.

ता. क. ४ (पाकिटाच्या पाठीवर) : पाकीट चिकटवून झाल्यावर सून म्हणते, आत्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर लिहिलंत का? एवढ्या पानांत तेच राहिलं. आता फोडलं तर पाकीट फाटेल, म्हणून इथेच लिहितो, पोस्टमनने वाचलं तरी हरकत नाही. हो. ये.