सोन नदीचा जिल्हा

अण्णा, तुमची नात आता मला काही विचारत नाही. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती नववीत आहे, उंच आहे, आणि एखादी गोष्ट पटली नाही की तुमच्यासारखीच नुसती समोर बघत राहते. दिवाळीपर्यंत ती संध्याकाळभर विचारायची. शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर, बूट दारात, आणि फ्रिज उघडता उघडताच सुरुवात. "पप्पा, भूकंप कशामुळं होतात, दोन ओळीत सांगा. तीन नको." हातात फोन असायचा. तुमच्या वेळी हे यंत्र नव्हतं. आता काहीही विचारलं की ते क्षणात सांगतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी म्हणायचो, शोध की त्याच्यात. ती म्हणायची, "कंटाळा येतो शोधायला. शंभर पानं येतात. तुम्ही पटकन सांगता."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. अकरावीची मुलंही हेच म्हणतात. "सर, तुम्हीच सांगा ना, नेटवर लई येतं." रात्र रात्र फोनवर घालवणारी मुलं, पण एखाद्या शब्दाचा अर्थ बघून या म्हटलं की अंग चोरतात. मी सांगत नाही. त्याबद्दल माझी थोडी ख्यातीही आहे. दुसऱ्या प्राध्यापकांपुढे मी यावर बरंच बोललो आहे. मग बाहेर जे बोलतो ते घरात का करत नाही, असं मनात आलं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिला सांगून टाकलं की आता माझ्याकडून उत्तर मिळणार नाही. काय हवं ते स्वतः शोधायचं. ती म्हणाली, "मग सर कशाला झालात?" तिची आई हसली. मी हसलो नाही.

तेव्हापासून मला वाळूजची खोली आठवते आहे. वैजापूरकडचं गाव आणि मेंढरं सोडून आपण तिथं आलो ते दुष्काळाचं साल होतं. तुम्ही कारखान्याच्या गेटवर लागलात. तुमची सेकंड शिफ्ट असली की मी शाळेतून येतो तेव्हा तुम्ही जेवत असता. माय स्टोव्हपुढे बसलेली, पत्रा तापलेला, दारात टँकरच्या पाण्यानं भरलेला निळा ड्रम. मी वही उघडून तुमच्या ताटाशेजारी बसतो. तुम्ही शाळा पाहिलेली नाही, पण मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला तुम्ही कधी नाही म्हटलं नाही.

"अण्णा, संसदेची सभागृहं किती?"

"दोन." हे तुम्हाला कुठून कळलं होतं कोण जाणे.

"कोणकोणती?"

तुम्ही घास गिळता. "एक भांडायचं. एक जेवायचं."

मी ते वहीत उतरवतो. माय वळून बघते. "काय बी सांगू नगा लेकराला. मार खाईल उद्या."

"इचारलं त्यानं. मंग गप बसू का?"

समुद्र खारट का, याचं उत्तर तुम्ही दिलं होतं की मीठ तिकडंच पिकतं, भरताना थोडं सांडतंच. तेही मी लिहिलं. गुरुजींनी मला उभं करून वाचायला लावलं. वर्ग हसला. गुरुजींनी विचारलं, कोणी सांगितलं हे. मी म्हणालो, अण्णांनी. ते म्हणाले, तुझ्या अण्णांना म्हणावं, पोत्याला टाका घाला. घरी येऊन मी ते तसंच सांगितलं, आणि तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा तयार होतात. "इचार. आज काय हाय?"

आठवीत मी विचारणं थांबवलं. कारण काही मोठं नव्हतं. शहरातल्या ग्रंथालयाचं कार्ड मिळालं होतं आणि पुस्तकात उत्तरं बरोबर असत. तुम्ही भाकरी खाताना मी भिंतीकडे तोंड करून वाचत बसायचो. एकदा तुम्ही म्हणालात, "आता अडत नाय का तुझं काय?" मी म्हणालो, "अभ्यास अवघड झालाय, अण्णा." तुम्ही डबा उचलला, टोपी घातली. दारातून म्हणालात, "मंग अवघडच इचार की." कारखान्याची बस आली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पान उलटलं. त्या वयात सगळेच असं करतात, असं मी पुढं स्वतःला सांगत आलो, आणि ते खरंही असेल. मला आत्ता जे सांगायचं आहे ते त्याबद्दल नाही.

ते गेल्या महिन्यातलं आहे. तुमच्या नातीला शाळेनं प्रकल्प दिला. आपला जिल्हा: पाणी आणि दुष्काळ. इंटरनेटवरून माहिती गोळा करा, स्वतःच्या शब्दांत लिहा, वर्गात वाचा. ती माझ्याकडे आली. सवयीनं आली असावी. "पप्पा, आपल्याकडं पाणी कुठून येतं?" आम्ही राहतो त्या इमारतीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, टँकर मागवावा लागतो, त्यामुळं प्रश्न तसा रोजचाच होता. मी सांगू शकलो असतो. जायकवाडी सांगितलं असतं, गोदावरी सांगितली असती, आपली मेंढरं, वाळूजचा तो ड्रम. तिनं तुमच्याबद्दल नीट असं कधी ऐकलेलंही नाही. मी म्हणालो, "आपलं काय ठरलंय?" ती म्हणाली, "बरं." आत गेली.

आता जे झालं ते तुम्हाला समजावून सांगावं लागेल. आपल्या शहराचं नाव बदललं आहे. शाळेत नवं नाव लिहितात, घरात अजून जुनं तोंडात येतं. तिनं फोनमध्ये जुनं नाव घातलं, तेही इंग्रजीत, पुढं 'डिस्ट्रिक्ट' आणि 'ड्रॉट'. बिहारमध्ये याच नावाचा एक जिल्हा आहे. तिथंही पाऊस दगा देतो. फोननं पहिलं पान दाखवलं ते त्या जिल्ह्याचं. तिनं दुसरं उघडलंच नाही. तिथला मजकूर फोनकडूनच मराठीत करून घेतला आणि सुंदर अक्षरात फाइलमध्ये उतरवला. सोन नदी ही आपल्या जिल्ह्याची जीवनरेखा आहे. भात हे आपलं मुख्य पीक आहे. सोनच्या कालव्यांवर आपली शेती अवलंबून आहे. कडेला निळ्या पेननं नदी काढली होती, नदीत एक होडी.

सकाळी चहाला बसलो तेव्हा फाइल टेबलावर उघडी होती. मी वाचली. मला हसू आलं, अण्णा, आणि त्या हसण्यात माया नव्हती. आपण बरोबर होतो असं वाटल्याचं ते हसू होतं. आता हिला कळेल, असं मी म्हणालो, मोठ्यानं नाही. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण ती वेणी घालून येईपर्यंत कॉलेजात हा किस्सा कसा सांगायचा याचं पहिलं वाक्यही मी जुळवलं होतं. ती आली, फाइल घेतली, माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिनं विचारलं, "येऊ?" मी म्हणालो, "ये."

वर्गात तिला दुसऱ्याच ओळीवर थांबवलं गेलं. तिनं हे मला नाही, तिच्या आईला सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत होतो आणि दार उघडं होतं. बाई म्हणाल्या, सोन नदी कुठली आणलीस? तिला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून तिनं पुन्हा वाचलं, जास्त मोठ्यानं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचे वडील वाळूजला कामाला आहेत, म्हणाली, "मॅडम, ये तो हमारे उधर की नदी है." सगळे हसले, त्या मुलीलाही हसले. आता वर्गात दोघींनाही पोरं बिहार म्हणून हाक मारतात. "तिचं काय चुकलं होतं, मम्मी? ती तर बरोबर बोलली," असं तुमची नात म्हणत होती.

जेवताना तिनं मला विचारलं, "पप्पा, तुम्ही सकाळी फाइल बघितली होती का?"

मी म्हणालो, "नाही. का?"

"काही नाही. तुमच्या चहापाशी ठेवली होती मुद्दाम." तिनं भात कालवला. "विचारायचं नाही म्हणाला होतात. दाखवायचं नाही असं म्हणाला नव्हतात."

तिची आई माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा तांब्या पुढं ओढला.

त्यानंतर ती सगळं स्वतः शोधते. एका पानावर थांबत नाही, दोन-तीन उघडते, ताडून बघते, कुठून घेतलं ते खाली लिहिते. परवा पालकसभेत तिच्या बाईंनी कौतुक केलं. म्हणाल्या, एवढ्या मुलांत हीच एक आहे जी खरंच शोधते, तुम्ही घरी काय केलंत? मी म्हणालो, काही विशेष नाही. परत येताना तिची आई म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं?" पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मी हो म्हणालो. संध्याकाळी ती तिच्या खोलीत बसते. दार उघडंच असतं, रागानं लावलेलं नसतं. चहा नेऊन दिला तर थँक्यू म्हणते. मी उंबऱ्यात उभा राहून विचारतो, काही अडलंय का? ती म्हणते, "नाही पप्पा, मिळालं."

तुम्हाला जे माहीत नव्हतं ते तुम्ही मला सांगत राहिलात. त्यातलं बहुतेक चुकीचं होतं आणि त्यानं माझं काही बिघडलं नाही. मला सगळं माहीत होतं. नदी माहीत होती, चूक माहीत होती, ती वर्गात उभी राहील हेही माहीत होतं. मी तिला अभ्यासाची शिस्त लावत होतो असं म्हणता येईल, आणि कोणी विचारलं तर मी तसंच म्हणेन. पण खोटं बोलणं त्या शिस्तीत कुठं बसतं, ते मला सांगता येणार नाही.

हे सगळं खरं तर तिला सांगायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे, दार उघडं आहे, ती आत बसलेली आहे. मी काल दोनदा तिथवर गेलो आणि चार्जर मागून परत आलो. तुम्हाला लिहिणं सोपं जातं, अण्णा. तुम्ही वाचणार नाही. ती ऐकून घेईल आणि मग एकच विचारील, "का?" इतके दिवस तिनं काहीतरी विचारावं म्हणून मी वाट बघतो आहे, आणि तिनं नेमकं एवढंच विचारू नये असं मला वाटतं.