कोरलीसाठी मागवलेली शेरीची बाटली

कूमा, २१ जुलै

प्रिय डल्सी,

मोठ्या भावाचा नमस्कार. (आशीर्वाद पाठवले की तू ते परत करतेस, म्हणून या वेळी नमस्कारच.) तुझ्या कंबरेचं दुखणं आता कसं आहे, आणि बॅलरॅटला जुलैची थंडी आमच्याइतकीच आहे की तुम्ही नुसतीच तक्रार करता, ते कळव. इकडे सकाळी नळ गोठतो, गुडघा कुरकुरतो, बाकी मी मजेत आहे. इतका मजेत की तुला संशय यावा, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

समोरच्या घरात राहायला आलेल्या कोरलीबाईंबद्दल तुला ईस्टरच्या पत्रात लिहिलं होतं. (गुलाबाच्या फांद्या छाटण्यावरून माझ्याशी वाद घालणाऱ्या.) तर त्यांना मी रविवारी जेवायला बोलावलं. मटण भाजायचं ठरलं, आणि बाईंना जेवणाआधी घोटभर गोड शेरी वाइन लागते असं कळलं. दुकान टेकडीच्या खाली, रस्त्यावर बर्फ, आणि डोळ्यांमुळे मी मागच्या वर्षी गाडी चालवण्याचा परवाना परत केलेला. मग फोनवरून बाटली मागवली. शनिवारी दुपारी घंटी वाजली. दारात केरिन उभी. मी मुख्याध्यापक असतानाची माझी विद्यार्थिनी, आता पंचेचाळिशीची असेल. दुकानाची गाडी चालवते. मी हात पुढे केला, तर तिनं बाटली छातीशी धरली आणि ओळखपत्र मागितलं.

मला वाटलं, थट्टा करते. मी म्हणालो, "केरिन, मी तुला भागाकार शिकवलाय. मी अठरा वर्षांचा आहे की नाही याचा हिशोब कर."

"हिशोब येतो सर. पण कार्ड बघितल्याशिवाय बाटली द्यायची नाही, दारातही ठेवायची नाही. समोर कोणीही असो. तपासायला माणसं पाठवतात, आणि दंड माझ्या नावावर लागतो."

मग मी जे जे सापडलं ते आणून दाखवलं. वाचनालयाचं कार्ड, अठ्ठ्याण्णव साली मुदत संपलेला पासपोर्ट (त्यातला माणूस मीच आहे हे मलाही पटेना), निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ. ती प्रत्येक वस्तू नीट बघून मान हलवत होती. शेवटी मी जरा मुख्याध्यापकांच्या आवाजात बोललो. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "सहावीत सहलीच्या बसमधून तुम्ही मला खाली उतरवलं होतंत, सर. परवानगीच्या चिठ्ठीवर आईची सही नव्हती म्हणून. आई फाटकाशी उभी राहून हात हलवत होती."

डल्सी, मला हे अजिबात आठवत नव्हतं. पण ती म्हणते म्हणजे मी केलंच असणार; ते अगदी माझ्यासारखंच आहे. ती बाटली घेऊन गेली आणि मी कोरलीबाईंना फोन करून सर्दीचं कारण सांगितलं. (त्यांनी सूप आणून दिलं. लीकचं, त्या जाड कांद्याच्या पातीचं. फार चांगलं होतं.)

सोमवारी शेजाऱ्याच्या गाडीतून सरकारी कचेरीत जाऊन वयाच्या पुराव्याचं कार्ड काढायला दिलं. ते पुढच्या आठवड्यात टपालानं आलं. फोटोत मी पकडल्या गेलेल्या मेंढीचोरासारखा दिसतो, पण कार्ड खरं आहे. लगेच शुक्रवारची बाटली मागवली. आता त्या शुक्रवारी सकाळी मला दाढ काढायची होती हे मी विसरलो, यात माझा दोष आहेच. दंतवैद्यानं इतकं बधिर केलं होतं की अर्धं तोंड माझं आणि अर्धं कोणा परक्याचं. घरी पोचतो तोच केरिन दारात. मी कार्ड पुढे केलं. तिनं ते पाहिलं, ठीक आहे म्हणाली. तेवढ्यावर थांबलो असतो तर काम झालं होतं. पण दोन आठवडे ती सहल मला टोचत होती. मी माफी मागायला लागलो. तोंडातून शब्दांऐवजी नुसता लगदा बाहेर पडत होता, लाळ गळत होती, त्यात गुडघा वळला म्हणून मी दाराची चौकट धरली. केरिन एक पाऊल मागे सरकली. प्यायलेल्या माणसालाही बाटली देता येत नाही, असा दुसरा नियम आहे, तो मला त्या दिवशी कळला. तिनं मला आत नेऊन खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि बाटली घेऊन गेली.

काल तिसरी खेप. कोरलीबाई साडेअकरालाच आल्या होत्या. मी ओव्हनसमोर वाकून बटाटे उलटत होतो, हात तुपकट. घंटी वाजली तशी त्या दार उघडायला गेल्या. बाटली जो हातात घेईल त्याचं कार्ड बघायचं, असा हिशोब. केरिनला जे वाचते ते मोठ्यानं वाचायची सवय आहे. (तीही मीच लावली असेन.) तिनं वाचलं, "जन्म एकोणीसशे त्रेचाळीस. ठीक आहे, बाई."

मला कोरलीबाईंनी चौऱ्याहत्तर सांगितलं होतं. डल्सी, त्या ब्याऐंशीच्या आहेत.

मी हात पुसत बाहेर गेलो आणि केरिनची माफी मागितली, या वेळी स्वच्छ शब्दांत. ती म्हणाली, "माफी शुक्रवारीच पोचली होती सर. शब्द तेवढे कळले नव्हते." ती गेल्यावर कोरलीबाई बाटली टेबलावर ठेवून बराच वेळ रुमालाच्या घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या मुलीचा आवाज फार मोठा आहे."

"असेल," मी म्हणालो. "ओव्हनच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यात खरपूस बटाटा माझ्या ताटात वाढला. पुडिंग येईपर्यंत आमचं ठरलं होतं. मी समोरच्या घरी राहायला जाणार. त्यांच्याकडची शेगडी चांगली आहे. लग्न नाही. लग्नाच्या अर्जावर जन्मतारीख लिहावी लागते, त्यामुळे तो विषय दोघांनीही काढला नाही.

काळजी घे. मी बऱ्याच वर्षांत इतका सुखात नव्हतो.

तुझा भाऊ,
अँब्रोज

ता. क. नव्या घरात तीस ऑगस्टला जेवण ठेवलंय. तू यायचंच. केरिनही येणार आहे, पाहुणी म्हणून.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण असं. मी कोरलीला माझं वय पंच्याहत्तर सांगितलंय, आणि तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेस हेही सांगून बसलोय. तेव्हा त्या दिवसापुरती तू त्र्याहत्तरची हो. तुला जड जाऊ नये.

ता. क. त्या दिवशी दुकानातून बाटल्या येणार आहेत, आणि केरिन जेवायला असल्यामुळे गाडीवर दुसराच कोणी असेल. घंटी वाजली तर तू उठू नकोस. मीही उठणार नाही. दार कोरली उघडेल; तिचं वय उघड होऊन गेलंय.