दादाच्या पोकळीचं माप

तीर्थस्वरूप वहिनींना साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो ना? आमच्याकडे सगळे, म्हणजे मी एकटाच, खुशाल आहे.

दादा परवा पोचला असेल आणि तोंड फुगवून बसला असेल. त्याचं ऐकण्याआधी माझं ऐका. चाळीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस (पोरं कशी पास झाली देव जाणे) दोन महिने माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात स्टुलावर बसून एकच दळण दळत होता: विश्वातले सगळे पदार्थ काढून टाकले, अगदी शेवटचा कणसुद्धा, तरी विश्व उरेल का? उरेल, असं त्याचं ठाम मत. नुसती जागा उरेल म्हणे. मी विचारलं, मग तू कशावर बसशील? त्यावर त्याने माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं. बोलण्यापेक्षा काहीतरी कामाला लागेल म्हणून मी त्याला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे कपाटाचं माप घ्यायला पाठवलं. तिथेच माझी अक्कल चरायला गेली. भिंतीतला कोनाडा चार फूट रुंद. या शहाण्याने चिठ्ठीवर लिहिलं, ‘कपाट, आतून चार फूट’. मी मुकाट्याने दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंचाच्या फळ्या धरून कपाट केलं. चौघांनी घाम गाळत तीन मजले चढवलं आणि ते दीड इंचासाठी कोनाड्याबाहेर अडलं. बाई बघतायत, पेशंट गाल धरून बघतायत, आणि दादा शांतपणे म्हणतो, “अरे, कपाट म्हणजे आतली पोकळी. फळ्या काय, नुसतं निमित्त!” माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत म्हणालो, “मग राहा जाऊन तुझ्या पोकळीत. माझ्या घरात वस्तू लागतात, तुझी गरज नाही.” तो संध्याकाळच्या गाडीने गेला. बरं झालं, सुटलो.

तुमचा धाकटा दीर

ता. क. चष्मा इथेच विसरलाय. पोस्टाने पाठवणार नाही, फुटेल. येऊन घेऊन जा म्हणावं.

ता. क. दुसरा. ते कपाट दादाच्या खोलीत ठेवलंय. काल मोजलं. आतून बरोबर चार फूट भरलं, केसभरही फरक नाही. एवढं मात्र त्याला सांगा.

ता. क. शेवटचा. वहिनी, त्याच्या खोलीत पलंग आहे, टेबल आहे, स्टूलही आत आणून ठेवलंय, आणि आता कपाट. पदार्थ खच्चून भरलेत, पण विश्व काही दिसत नाही. त्याला पाठवून द्या. हे वाक्य मात्र वाचून दाखवू नका. आला की मीच सांगेन, वाद घालायला काहीतरी हवं ना.