दहावी

श्रूजबरी, ३ नोव्हेंबर २०२४

ती. सुहासिनीआत्यास रुचाचा शालोम व सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र. अरुणकाकांचं वर्ष आलं आणि मृतांसाठीच्या कद्दिश प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष चँडलरला जमत नाहीत म्हणून तू झुरतेस, असं तुझा नकुल म्हणाला. इकडेच ये. आमच्या सिनेगॉगमध्ये बायकाही दहात धरतात, आणि हल्ली शनिवारची, शब्बाथची प्रार्थना मी चालवते. खजुरीखाली बसून इस्राएलाचा न्याय करणारी दबोरा मला तूच सांगितलीस ना?

इथली माणसं चांगली आहेत, पण प्रार्थना संपली की आपापल्या गाडीत बसतात. आठवडाभर मराठी शब्द कानावर पडत नाही.

लोभ आहेच, थोडा इकडेही धाड.

तुझी रुचा

चँडलर, १० नोव्हेंबर

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

पुढारीण झालीस, छान. प्रसादाच्या मलिद्याचे पोहे तरी नीट भिजवतेस का? दबोरेला देवाने नेमलं, तुला कमिटीने. मी येणार नाही. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये आपण बायका वरच्या सज्जात बसायचो, तुझ्या काकांना तेच पटायचं. नकुल माणसं जमवतोय. तो ऑफिसला गेला की मी फ्रीजचा आवाज ऐकत बसते.

राग धरू नकोस, माया धर.

आत्या

श्रूजबरी, १७ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

राग कसला? काल प्रार्थनेआधी मी माणसं मोजली, नऊच भरली. सगळ्यांना ताटकळत ठेवलं. शेवटी एका आजींनी विचारलं, तू स्वतःला का धरत नाहीस? सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र खूप रडले. सज्जातून मी अजून खाली उतरलेच नाही गं.

आठवण काढत जा.

रुचा

चँडलर, २५ नोव्हेंबर

चि. रुचास आशीर्वाद.

काल काकांचं वर्ष झालं. नकुल धरून नऊ पुरुष आले, दहावा येईना. तुझं पत्र मनात होतं. मी म्हटलं, मला धरा. नकुलने मान खाली घातली. मग कद्दिश न म्हणताच सगळ्यांनी मलिदा घेतला, चव छान झाल्याचं सांगितलं आणि निघाले.

नकुल त्यांना पोचवायला खाली गेला, तेव्हा मी एकटीच उभी राहिले आणि कद्दिश म्हटली. आमेन म्हणायला कुणी नव्हतं, तेही मीच म्हटलं.

हे चाललं का गं? तू आता पुढे उभी राहतेस, तूच सांग.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
आत्या