अकरा अंगठे

कोरमेटा, ता. एटापल्ली
२४ एप्रिल २०२५

निक्या,

मोठ्या बहिणीचा जोहार. इथी सगळं बरं चाललं आहे, तूही तिकडं तेलंगणात बरा असशील. बाबा रोज मोहफुलं वेचाले जाते, यंदा फुलं बरी पडली. लाल बकरीले दोन पिल्लं झाली. तू कोण्या मुकादमाकडं आहे ते आत्ताच कळलं; आपल्या गावचा चैतू मिरचीच्या शेवटच्या तोडणीले त्याच्याकडंच जाऊन राह्यला, म्हून त्याच्या हाती चिठ्ठी देतो. त्याले बजावलं आहे, तोंडानं काई सांगू नको, फक्त कागद दे.

तू हसशील. दोन वर्षं मोबाईलवर सोबत गोळ्या झाडल्या अन् आता बाई कागदावर आली! काय करू? दिवाळीत तू आयटीआय सोडून मिरची तोडाले निघाला, तवा मी साऱ्या गावासमोर म्हटलं, "परत तोंड दावू नको." तू सिमच बदललं. पण सांजच्याले गेममध्ये याचा. बोलाचा नाई, माईक बंद. तरी मी गोळी लागून पडली की सगळं सोडून धावत याचा, मले उचलाचा अन् पुढं निघून जाचा. मी रोज रेंजसाठी टेकडीवर चढून तेवढ्यासाठीच खेळत होती. कई कई तं मुद्दाम पडत होती रे.

आईले गेममधलं काई कळत नव्हतं, पण तुह्या नावापुढचा हिरवा ठिपका कळे. मी टेकडीवरून उतरली की चुलीपासूनच विचारे, "हिरवा होता?" हो म्हटलं की मग जेवे.

जानेवारीत मी माईकवर सांगतलं, आईले ताप आहे, ये. तू एवढंच म्हणाला, "मले बोलवाले खोटं बोलून राह्यली," अन् मले पडलेली सोडून निघून गेला. माहं डोस्कं फिरलं. आता खरं लिवतो. तुह्यावर तक्रारीचं बटन मीच दाबलं. हा चोरी करून खेळते, अशी तक्रार. अन् एकटीनं नाई. आपल्या गावात कोणतंच काम एकट्यानं होत नाई, तुले ठाऊक आहे. गोटुलापाशी पोरं-पोरी बसले होते, त्याइले टेकडीवर नेऊन म्हटलं, तुमीबी दाबा. मी धरून अकरा जणांनी दाबलं. मले वाटलं दोन दिवस बंद राहीन, तुले अक्कल येईन. दुसऱ्या दिवशी तुह्यं नाव करडं. खाली लिवलं होतं, खातं कायमचं बंद.

तवापासून मी कंपनीच्या मदतवाल्याइच्या मागं लागली. पहिले भाषा निवडा म्हणे. त्यात मराठी नाई, माडिया तं कुठून राहीन! मोडक्या हिंदीत लिवलं, तक्रार खोटी होती, खातं खोला. लगेच उत्तर आलं की तुमची अडचण आमाले लय महत्त्वाची आहे. मशीन होती ती, दुसरं कोण? मग म्हणे ज्याचं खातं त्यानंच लिवावं. अरे, तो सापडत नाई म्हून तं लिवून राह्यली! मग म्हणे त्याच्या मोबाईलवर ओटीपी येईन, तो दहा मिनिटांत टाका. तो तुह्या जुन्या सिमवर गेला, अन् ते सिम तू कोण्या नाल्यात फेकलं देव जाणे. तेवढ्यात आपला टॉवर पाच दिवस बंद. चालू झाला तं पाहतो, तुमचं उत्तर आलं नाई म्हून तक्रार बंद केली, आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. मी मोबाईल फेकणार होती.

शेवटी लच्छूदादाच्या पाया पडली. त्यानं ग्रामसभा बसवली. बांबू असो की तेंदू, ग्रामसभेचा ठराव दाखवला की मोठमोठे साहेब गुमान आयकते, मग गेमवाले काऊन नाई आयकणार? सगळ्याइले तसंच वाटलं. ठराव लिवला, निकेश पत्रू पुंगाटी हा चोर नाई, आमी चुकलो, त्याचं खातं परत द्यावं. त्याच अकरा जणांनी अंगठे मारले. सही येते सगळ्याइले, पण बटन अंगठ्यानं दाबलं होतं म्हून अंगठेच. हिरवा ठिपका परत यावा म्हून आईनं खाटेवरून बारावा मारला. वर शिक्का. फोटो काढून धाडला.

उत्तर आलं, फोटो ओळखता आला नाई, पुन्हा प्रयत्न करा. मी किती वेळा केला, विचारू नको.

वर बकरीचं लिवलं अन् आईचं नाई लिवलं, तुह्या ध्यानात आलं असन. आई नाई, निक्या. फेब्रुवारीत गेली. शेवटच्या सांजेले तिनं विचारलं, "हिरवा होता?" मी हो म्हटलं. दोन घोट पेज प्याली अन् निजली.

बाबानं तिच्या आठवणीचा दगड आणून ठेवला आहे, पण उभा करू देत नाई. पोरगा आल्याबिगर नाई, म्हणते. दगड गावाबाहेर आडवा पडला आहे. पाऊस लागाच्या आधी ये. मले तोंड दावाचं नसन तं मी मामाच्या गावी जाईन, पण ये.

अजूनही सांजच्याले टेकडीवर जातो. खेळत नाई, तुह्यं नाव पाहतो अन् उतरतो. खाली आता कोणी विचारत नाई.

मी पडली आहे रे. या बारी मुद्दाम नाई.

तुह्यं नाव करडं करणारी,
सुकरी