अर्धी पळी

सोमवार, ३ फेब्रुवारी

काटा आला! शाळेच्या जेवणघरात, हात धुवायच्या नळांशेजारी, चक्क वजनकाटा. आणि त्याच्याबरोबर एक मुलगी — चष्मा, बूट, गळ्यात ओळखपत्र. पोरांच्या ताटात उरलेलं अन्न मोजणार म्हणे. प्रत्येक वर्गाची खरकट्याची बादली वेगळी, आणि ती रोज काट्यावर.

मुख्याध्यापिकाबाईंनी उभ्याउभ्याच ऐकवलं — "महिनाअखेर बादल्या हलक्या झाल्या नाहीत, तर पुढच्या सत्रापासून बाहेरून बंद डबे येतील. स्वयंपाकघर बंद." वर गोड हसल्या.

याच मोरीत भांडी घासत वर आलो मी. आता इथल्या चुली माझ्या, पातेली माझी, किल्ली माझ्या खिशात. बंद म्हणे! घोडामैदान जवळच आहे, बाई.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दिवसभर वाढायच्या खिडकीमागे कान देऊन उभा. पोरं जेवताना काय बोलतात ते कुणीच ऐकत नाही. "गाजर गारढोण आहे." "माझं तू खा, तुझं मी टाकतो." "वाटाण्याने त्याच्या कानाचा नेम धरू?" — बादलीत वाटाणे कमी का भरतात ते कळलं!

वाढणारी आक्का हळूच म्हणाली, "मालक, आपल्या हाताची चव तर नाही ना गेली?" म्हटलं, "तुझ्या जिभेला काही हाड?" पण घास घेऊन पाहिला. चव जागेवर आहे.

घरी हिला सांगितलं — वर्गावर्गात शर्यत लावतो. सगळ्यांत हलकी बादली ज्यांची, तो वर्ग रांगेत पहिला, आणि खिडकीजवळचं लांब टेबल त्यांचं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शर्यत म्हटली की माणूस भूक विसरतो. तुम्हालाच बघतेय इतकी वर्षं."

हिचं आपलं काहीतरीच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फळा टांगला. वर्गांची नावं, पुढे वजनं. पोरांचा गलका! सातवीच्या एकाने तर दंड थोपटले.

सोमवार, १० फेब्रुवारी

बादल्या रिकाम्या! काटेवालीने काटा दोनदा झटकून पाहिला. (हो, आता तिला सगळे काटेवालीच म्हणतात. ती चिडत नाही. पोरगी बरी आहे.) बाई स्वतः येऊन म्हणाल्या, "कमाल केलीत तुम्ही!"

मी मिशीला पीळ दिला. मिशी नाही, तरी दिला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज कानांनी घात केला.

पहिलीतली दोन वेण्यांची चिमुरडी खिडकीशी आली. टाचा उंचावून म्हणाली, "आक्का, अर्धीच पळी."

"का ग? भूक नाही?"

"भूक आहे. पण वर्ग हरेल ना."

तिच्या मागचा — "मला पण अर्धीच." त्याच्या मागची — "अर्धीच." मोठ्यांच्या रांगेत तो दंड थोपटणारा हात मागे बांधून फिरतोय, मुकादमासारखा. "ए, संपणार नसेल तर घेऊच नका!" आणि बोट कुठे? माझ्या फळ्याकडे.

काटेवालीपाशी गेलो. म्हटलं, "तुला दिसलं हे?"

"म्हणून तर मी पातेलीही मोजतेय, काका. बादल्या हलक्या झाल्या, पण पातेली भरलेलीच आत परत येतात. तुम्ही बादली जिंकलात. पोरं उपाशी."

मला वाटत होतं, पातेल्यात उरतंय म्हणजे आक्का हात राखून वाढतेय! मनातल्या मनात तिला शाबासकीही देऊन बसलो होतो. धन्य.

शर्यतीबद्दल घरी ही म्हणाली ते बरोबर होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फळा उतरवला. सातवीने बोंब ठोकली — आज खिडकीजवळचं टेबल त्यांचं होतं. मी बाकावर चढून ओरडलो, "भुकेपुरतं घ्या! वर्गासाठी कुणी अर्धी पळी घेताना दिसला, तर त्याला दोन वाढीन!" पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. लगेच खोलीत बोलावणं.

"जमलेलं काम तुम्हीच मोडलंत?"

"बाई, पोरं उपाशी ठेवूनच बादली रिकामी करायची, तर मी चूलच पेटवत नाही. बादली कोरडी ठणठणीत!"

"उपहास नको. मला आकडा दाखवायचाय वरती."

"मग खरा दाखवा."

"खरा आकडा जड निघाला, तर डबे येतील. लक्षात ठेवा."

ठेवलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बादल्या पुन्हा जड. सगळ्यांत जड छोट्यांची.

काटेवाली आणि मी बादलीपाशी उकिडवे बसलो आणि आत डोकावलो. एका बाजूने चावलेला पाव. मधोमध उकरलेला भात. एकच दाताची खूण असलेलं गाजर. ती म्हणाली, "काका, हे नावडलेलं नाही. नावडतं ते पोरं शिवतही नाहीत. हे अर्ध्यात सोडलेलं आहे."

तेवढ्यात घंटा. वर पाहिलं तर दोन वेण्या समोर उभ्या — गालात घास कोंबलेला, हातातलं ताट तिरकं.

"खा की ग सावकाश!"

बोलता येईना. बोट घंटेकडे.

मोठ्यांची रांग आधी, छोट्यांची शेवटी. हात धुवून, ताट सांभाळत जागा शोधून टेकतात न टेकतात, तोच टण्! आणि वर छोटे घास छोटेच असतात. साधी गोष्ट. पण आम्ही सगळे भातात खोट शोधत होतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाईंपुढे दोघं गेलो. काटेवालीने सगळं नीट, न अडखळता मांडलं. बाई म्हणाल्या, "घंटा वेळापत्रकावर चालते, तुमच्या पातेल्यावर नाही."

मग मात्र मला राहवेना. किल्ली काढली, त्यांच्या टेबलावर ठेवली.

"शुक्रवारी तुम्ही छोट्यांच्या रांगेत शेवटी उभ्या राहा. कुणी वाट द्यायची नाही. घंटेआधी ताट संपवलंत तर ही किल्ली तुमची, खुशाल डबे मागवा. नाही संपलं, तर छोटे आधी जेवतील, घंटा उशिरा होईल आणि चूल पेटती राहील."

काटेवाली खोकली. बाईंनी किल्ली माझ्याकडे सरकवली. "तोवर ठेवा. मी भरभर जेवते."

"मीही भरभरच वाढतो, बाई."

घरी ही कपाळाला हात लावून — "पुन्हा शर्यत! गुरुवारी काय शिकलात?" म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. आक्काने सांगितलं असणार. म्हटलं, "या शर्यतीत जेवायचं आहे, उपाशी नाही राहायचं."

"आणि हरलात तर?"

"तर तू वाढ, मी जेवीन. निवांत."

हसली नाही. पण दुसऱ्यांदा वाढलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आक्का कानाशी आली — "उद्या बाईंचा भात जरा कडकडीत काढू का? फुंकर मारण्यातच वेळ जाईल."

नाही म्हटलं. लगेच नाही म्हटलं, असं मात्र लिहवत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बाई रांगेत, दोन वेण्यांच्या मागे. बसायला मिळालं ते बुटकं बाक, गुडघे हनुवटीला. मोजके घास झाले असतील-नसतील, शिपाई घंटेकडे निघाला. बाईंचं तोंड भरलेलं. बोलता येईना. नुसता हात वर केला — थांब!

थांबला. पोरं घंटेकडे बघतायत, बाईंकडे बघतायत. मग एकेकाची मान पुन्हा ताटात.

दोन वेण्या उठल्या. खिडकीशी येऊन टाचा उंचावल्या.

"आक्का, आणखी अर्धी पळी."